अंश

निकालाची प्रत कानडीत आली.
हिरेमठ वकिलांनी तोंडी सांगितलं तेवढंच मला ठाऊक:
महिन्याला साडेपाच हजार, पाच तारखेच्या आत,
शाळेचा खर्च दोघांत,
दुसरा आणि चौथा रविवार त्याचा.
बाकीच्या पानांवर नुसती गोल गोल अक्षरं,
सगळीच पाठ फिरवून बसल्यागत.

वाचलं शेवटी तेजलनंच.
सहावीत आहे, मराठी शाळेत,
खरं कानडी माझ्याहून सरळ.
बोट ठेवून वाचत गेली स्वतःबद्दलचंच,
दुसऱ्या कुणाचा धडा वाचावा तशी.
‘यात मला अप्राप्त म्हटलंय गे,’ म्हणाली.
आमच्या भाषेत अप्राप्त म्हणजे जे मिळालं नाही ते.
त्यांच्यात, अजून अठराचं न झालेलं.
मी म्हटलं, पुढं वाच.

पोटगीला त्यांचा शब्द आहे जीवनांश.
पोटगी म्हटलं की मला माझाच पसरलेला हात दिसतो.
हा शब्द बरा वाटला,
जुन्या पातेल्याला कल्हई केल्यासारखा.
तेजलला मात्र गणित आठवलं:
‘अंश म्हणजे रेषेच्या वरचा आकडा.
मग खालचा छेद कुठाय?’
मी कांड्यांची पाटी उचलून कामाला गेले.
वडगावात मागांचा आवाज एवढा असतो
की उत्तर दिलं नाही तरी चालतं.

निकालात रविवार आहेत.
रात्री दोनला चढणारा ताप कुणाच्या वाट्याचा, ते नाही.
उवा काढताना मानेला लागणारी रग नाही,
आणि माझा राग,
तोही कुठल्या कलमात बसलेला नाही.

परशरामला वेणी घालता येत नव्हती.
शिनोळीच्या कारखान्यात साचे ठोकणारे हात.
पहिल्या खेपेला पोर परत आली ती
एक वेणी जाड, एक उंदराच्या शेपटीएवढी,
रिबीन हरवली म्हणून सुतळी बांधलेली.
हसू आलं. मग नाही आलं.
त्या वेण्या मी सोमवारी सकाळपर्यंत सोडल्या नाहीत.

माझं तिकीट शून्याचं, बाचीपर्यंत.
पुढं दुसरं राज्य, दुसरा हिशेब.
सरकार मला जिथवर फुकट नेतं
तिथं तो उभा असतो, पाण्याची बाटली घेऊन.
पोरीचा हात इकडून तिकडं जातो.
आम्ही बोलतो ते तिच्या खोकल्याबद्दल,
किंवा बोलत नाही.

डिसेंबरात परत सीमेचं पेटलं.
एसट्या बंद, नाक्यावर बंदोबस्त,
आणि नेमका चौथा रविवार.
फोनवर मी म्हटलं, राहू दे या वेळी.
तेजलनं चप्पल आधीच घातलेली.
तुरमुरीपर्यंत टमटम, पुढं चालत.
पलीकडं तोही चालत आलेला,
पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं तांबडी.
मध्ये पोलीस, आडवी काठी, ‘इल्ला, इल्ला.’
तेजल पुढं झाली.
‘अवरु नम्मप्पा, सर.’
पोलिसानं तिच्याकडं बघितलं, त्याच्याकडं,
मग बराच वेळ माझ्याकडं,
आणि लोखंडी आडणं वीतभर सरकवलं.
अकरा वर्षांची पोर अंग चोरून जाईल एवढंच.
त्याच फटीतून पाकीट इकडं आलं.

घरी येऊन मोजलं. साडेचार हजार.
वहीत लिहिलं: डिसेंबर, बाकी एक हजार.
मागच्या दोन महिन्यांची बाकी वर तशीच.
तो तेवढं चालत आला
ते जमेला धरायचं की नाही, कळेना.
पेन्सिलीनं कोपऱ्यात नुसतं ‘चालत’ लिहून ठेवलं.
संध्याकाळी तेजल आली की विचारेन.
गणित तिचं बरं आहे.